गोदीतला जगज्जेता

1933-34 च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतील हडसन नदीच्या धक्क्यांवर भल्या पहाटे माणसांची गर्दी जमत असे. मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम मिळे. बाकीचे रिकाम्या हाताने घरी परतत. या गर्दीत सहा फुटांहून उंच असा एक अठ्ठावीस वर्षांचा माणूस उभा असे. चार वर्षांपूर्वीच न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर तो मुष्टियुद्धाच्या जगज्जेतेपदासाठी लढला होता. आता त्याच्या उजव्या हाताची हाडे पुन्हा पुन्हा मोडून निकामी होत आली होती आणि घरी पत्नी व तीन लहान मुले होती. जेम्स ब्रॅडॉक त्याचे नाव.

त्याचा जन्म 7 जून 1905 रोजी न्यूयॉर्कमधील 'हेल्स किचन' या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. आईवडील आयरिश वंशाचे, इंग्लंडमधून अमेरिकेत आलेले. पुढे हे कुटुंब हडसन ओलांडून न्यू जर्सीत स्थायिक झाले. मूळ नाव जेम्स वॉल्टर. पण जेम्स जे. कॉर्बेट आणि जेम्स जे. जेफ्रीज हे दोन जुने जगज्जेते डोळ्यांपुढे असल्याने रिंगमध्ये तो जेम्स जे. ब्रॅडॉक झाला. 1926 साली तो व्यावसायिक मुष्टियोद्धा बनला. उजव्या हाताचा ठोसा हेच त्याचे भांडवल होते. 1928 मध्ये टफी ग्रिफिथ्स या नावाजलेल्या मल्लाला त्याने दुसऱ्याच फेरीत लोळवले आणि जाणकारांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

18 जुलै 1929 रोजी लाइट हेवीवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठी त्याची टॉमी लॉफ्रनशी गाठ पडली. लॉफ्रन ठोशांपेक्षा पायांच्या चपळाईवर आणि डोक्यावर लढणारा. पंधरा फेऱ्या ब्रॅडॉक त्याच्यामागे धावत राहिला आणि गुणांवर हरला. तीनच महिन्यांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, आणि ब्रॅडॉकने गाठीला बांधलेला पैसाही मंदीने गिळला. जानेवारी 1930 मध्ये मे फॉक्सशी त्याचे लग्न झाले ते अशा पडत्या काळात. त्यानंतरच्या चार वर्षांत तो जिंकला कमी आणि हरला अधिक. हात बरा होण्याआधीच पुढची लढत घ्यावी लागे, कारण लढत नाही तर पैसा नाही. आणि लढत घेतली की हात पुन्हा मोडे. सप्टेंबर 1933 मध्ये एब फेल्डमनशी झालेली कंटाळवाणी लढत पंचांनी निकालाविनाच थांबवली आणि ब्रॅडॉकची कारकीर्द संपल्यात जमा झाली.

गोदीत मात्र एक वेगळीच गोष्ट घडत होती, आणि तिचे महत्त्व त्या वेळी कोणाला कळण्याजोगे नव्हते. उजवा हात दुखावलेला असल्यामुळे गाठोडी ओढण्याचा लोखंडी आकडा ब्रॅडॉक डाव्या हाताने वापरू लागला. आजवर त्याचा डावा हात केवळ आडोशापुरता होता. महिनोन्‌महिने माल ओढून तो बळकट झाला. तरीही गोदीतली रोजंदारी पुरत नव्हती. शेवटी त्याने सरकारी मदतीसाठी नाव नोंदवले. त्या काळच्या अमेरिकेत, त्यातही अंगमेहनतीवर जगणाऱ्या आयरिश कुटुंबात, त्या कचेरीच्या दारात उभे राहणे ही मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती.

जून 1934 मध्ये त्याचा व्यवस्थापक जो गूल्ड एक लढत घेऊन आला. प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीआधी कॉर्न ग्रिफिन या उगवत्या मुष्टियोद्ध्यासमोर उभा करायला कोणीतरी हवा होता. दोन दिवसांची मुदत आणि मोबदला अडीचशे डॉलर. सरावाला वेळच नव्हता. ब्रॅडॉक एकदा खाली पडला, उठला आणि तिसऱ्या फेरीत त्याने ग्रिफिनला बाद केले. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये बेअर जगज्जेता झाला. नोव्हेंबरमध्ये ब्रॅडॉकने जॉन हेन्री लुईसला हरवले, मार्च 1935 मध्ये आर्ट लास्कीला. आणि दोन्ही वेळा डाव्या हाताने काम केले. पैसा हाती येताच त्याने सरकारी मदतीची रक्कम परत केली. कायद्याने तसे बंधन नव्हते. वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली, आणि लाखो माणसे मदतीच्या रांगेत उभी असलेल्या त्या देशात ब्रॅडॉक घरोघरी पोहोचला. पत्रकार डेमन रनयन याने त्याला परीकथेतल्या राखेत बसणाऱ्या मुलीचे नाव दिले: सिंड्रेला मॅन.

13 जून 1935 रोजी लाँग आयलंड सिटीच्या उघड्या मैदानावर तो बेअरसमोर उभा राहिला. सट्ट्याचा भाव बेअरच्या बाजूने दहास एक होता. बेअर सव्वीस वर्षांचा, प्रचंड ताकदीचा आणि तितकाच बेफिकीर. त्याने सरावही मनापासून केला नव्हता. पंधरा फेऱ्यांत ब्रॅडॉकने काही चमत्कार केला नाही. डाव्या हाताने अंतर राखायचे, बेअरचा उजवा ठोसा आला की सोसायचा आणि पुन्हा पुढे सरकायचे, एवढेच त्याने केले. तिन्ही पंचांचा कौल त्याच्या बाजूने लागला.

2005 मध्ये रॉन हॉवर्डने या आयुष्यावर 'सिंड्रेला मॅन' हा चित्रपट काढला. ब्रॅडॉकच्या भूमिकेत रसेल क्रो होता, गूल्डच्या भूमिकेत पॉल जियामाटी. त्याआधी 1976 च्या 'रॉकी'ने अशा कथांना जगभर प्रेक्षक मिळवून दिला होता. त्या चित्रपटाला मात्र चक वेपनर आणि मुहम्मद अली यांच्या 1975 च्या लढतीने चालना दिली होती. हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले जातात, ते केवळ ठोशांसाठी नव्हे. 'रॉकी'चा नायक तर शेवटची लढत हरतो. पंधरा फेऱ्या पायांवर उभे राहणे हीच त्याची कमाई, आणि रोजच्या जगण्यात बहुतेकांच्या वाट्याला तेवढीच येते. 'सिंड्रेला मॅन'मध्ये हेच काम लढतीपेक्षा घरातली थंडी आणि मुलांची उपासमार करते.

या चित्रपटाने बेअरवर मात्र अन्याय केला. 1930 मध्ये त्याच्याशी लढल्यावर फ्रँकी कॅम्पबेल मरण पावला, हे खरे; पण त्या मृत्यूने बेअर आतून हादरला होता आणि कॅम्पबेलच्या कुटुंबाला त्याने आर्थिक मदतही केली. 1933 मध्ये हिटलरच्या जर्मनीतून आलेल्या माक्स श्मेलिंगला हरवताना त्याच्या विजारीवर यहुद्यांचा सहा टोकांचा तारा शिवलेला होता. पडद्यावरचा बेअर मात्र निव्वळ खलनायक आहे.

चित्रपट बेअरवरील विजयापाशी थांबतो, त्यामुळे पुढचा ब्रॅडॉक प्रेक्षकांना दिसत नाही. तो भोळा नव्हता. आव्हान देण्याचा हक्क श्मेलिंगचा होता, पण नाझी राजवटीमुळे त्या लढतीवर बहिष्काराचे सावट होते आणि जो लुईसशी लढण्यात पैसा कितीतरी अधिक होता. जून 1937 मध्ये श्मेलिंग ठरल्याप्रमाणे वजन करून घ्यायला हजर झाला. ब्रॅडॉक आलाच नाही. लुईसला संधी देताना गूल्डने त्याच्या भावी लढतींच्या नफ्यातला दहा टक्के वाटा दहा वर्षांसाठी लिहून घेतला. उपाशी मुले पाहिलेल्या माणसाचा हा हिशेब होता. पण 1915 मध्ये जॅक जॉन्सन हरल्यापासून बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढू दिले गेले नव्हते; ते दार याच सौद्याने उघडले.

22 जून 1937 रोजी शिकागोत पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने लुईसला खाली पाडले. त्यानंतर लुईसचे ठोसे बसत गेले. सातव्या फेरीनंतर गूल्डला लढत थांबवायची होती. ब्रॅडॉकने नकार दिला. आठव्या फेरीत तो कोसळला. पुढच्या जानेवारीत टॉमी फारला हरवून त्याने हातमोजे उतरवले.

दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी म्हणून पॅसिफिकमध्ये सायपान बेटावर होता. परतल्यावर त्याने जहाजांच्या जुन्या यंत्रसामग्रीचा व्यवसाय केला आणि न्यूयॉर्कच्या व्हेराझानो-नॅरोज पुलाच्या बांधकामावर कामही केले. बेअरवरील विजयाच्या पैशातून त्याने नॉर्थ बर्गनमध्ये घर घेतले होते. त्याच घरात 29 नोव्हेंबर 1974 रोजी, वयाच्या 69 व्या वर्षी, झोपेतच त्याचे निधन झाले.