जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१३ जुलै १८११, गॉकॉट, इंग्लंड – २७ मार्च १८७८, लंडन) हे गॉथिक पुनरुज्जीवन शैलीचे इंग्लिश वास्तुविशारद होते. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोरा यांचे ते रचनाकार होत.

जीवन

धर्मोपदेशकाच्या घरात जन्मलेल्या स्कॉट यांनी आरंभी निर्धनांच्या श्रमगृहांचे आराखडे केले. पुढे पूजिन यांच्या लेखनाच्या प्रभावाने ते मध्ययुगीन गॉथिक शैलीकडे वळले. इ.स. १८७२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

कॅथेड्रलांतील पडदे

मध्ययुगीन युरोपातील अनेक कॅथेड्रलांत भाविकांचा सभामंडप आणि धर्मगुरू व गायकवृंद यांची जागा यांमध्ये भरीव दगडी आडभिंत असे. त्यामुळे सभामंडपातून मुख्य वेदी दिसत नसे. स्कॉट यांनी दोन्ही भागांतील सीमा राखली. मात्र भिंतीऐवजी धातूच्या नक्षीदार जाळीचा पडदा योजला. लिचफील्ड, हेरेफर्ड व सॉल्झबरी येथील असे पडदे कॉव्हेंट्रीचे धातुकारागीर फ्रान्सिस स्किडमोर यांनी घडवले. हेरेफर्डचा पडदा १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडला गेला. पुढे अभिरुची पालटली आणि १९६७ मध्ये तो उतरवण्यात आला. सध्या तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लिचफील्डचा पडदा मात्र अद्याप मूळ जागी आहे.

मुंबईतील कार्य

स्कॉट मुंबईस कधीही आले नाहीत. त्यांनी लंडनमध्ये राहूनच आराखडे तयार केले. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. राजाबाई मनोरा त्यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्णत्वास गेला. त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले.