योग प्रयोगशाळेत नेणारे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद, ज्यांच्याकडे येलचा संशोधक शिकायला आला

लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी डॅम आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक आठवतं. पण याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने योगासनांना एक्स-रे मशीनपुढे उभं केलं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटींचे संशोधक मावळातल्या या गावात येऊ लागले.

त्या माणसाचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. तो काळ स्वदेशीचा होता. बडोद्यात अरविंद घोष शिकवत होते आणि महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांचा शब्द चालत होता. या दोघांचा तरुण गुणेंवर खोल परिणाम झाला. आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, हे तेव्हाच ठरलं.

पहिली तालीम मिळाली ती आखाड्यात. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते देशी व्यायामपद्धती शिकले. मग खानदेशात अंमळनेरला शिक्षक झाले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

दुसरे गुरु भेटले नर्मदेकाठी. मालसरला परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत. १९१९ च्या सुमारास गुणे त्यांच्याकडे गेले आणि योग शिकले.

इथवरची गोष्ट त्या काळातल्या कुठल्याही साधकाची असू शकते. वेगळेपण पुढे आहे.

गुणेंना स्वतःला योगाचा फायदा जाणवत होता. पण मला बरं वाटतं, हा काही पुरावा नाही, हे त्यांना कळत होतं. एकीकडे शिकलेली मंडळी योगाला जादूटोण्यात काढत होती, दुसरीकडे भाविक त्याचे चमत्कार सांगत होते. शरीरात नेमकं काय घडतं, हे मोजायला दोन्हीकडचं कुणी तयार नव्हतं.

म्हणून १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात प्रयोग सुरू केले. विषय होते उड्डियान आणि नौली, म्हणजे पोट आत खेचून स्नायू फिरवण्याच्या क्रिया. एक्स-रे आणि दाब मोजायची उपकरणं वापरून पाहिलं, तर नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं दिसलं. हठयोगातल्या बस्तीत पाणी आत कसं ओढलं जातं, याचं साधं भौतिक उत्तर त्यातून मिळालं. तिथे कसलाही चमत्कार नव्हता. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरुचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

गंमत म्हणजे हे सगळं करणाऱ्या माणसाकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. त्यामुळे डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना सोबत घेणं, हाच त्यांच्या कामाचा पाया झाला.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. मुंबई-पुणे रेल्वेवरचं हे घाटमाथ्यावरचं गाव. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिकही काढलं. एका भागात प्रयोगांचे आकडे आणि एक्स-रेचे फोटो, तर दुसऱ्या भागात आसनांची माहिती.

हा निर्णय फार मोठा होता. कारण त्या काळी व्यवहार साधारण असा चाले की माहिती वसाहतीतून जायची आणि तिचं शास्त्र युरोपात लिहिलं जायचं. इथे प्रयोगशाळा लोणावळ्यात, प्रश्न लोणावळ्यात ठरलेले आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणारं नियतकालिकही लोणावळ्याचंच. बाहेरून येणाऱ्याला आधी इथे बसून शिकावं लागणार होतं.

आणि तसंच झालं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला येल युनिव्हर्सिटीची शिष्यवृत्ती घेऊन कोवूर बेहानन लोणावळ्यात आले. मूळचे केरळचे, मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी कुवलयानंदांकडे योग शिकला आणि मग येलमध्ये स्वतःवरच मोजमाप करून घेतलं. प्राणायामाच्या तीन प्रकारांत ऑक्सिजनचा वापर नेहमीच्या श्वासापेक्षा साधारण १२ ते २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मात्र प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरजांसारख्या चाचण्यांत मेंदूचा वेग वाढायच्या ऐवजी मंदावला होता. १९३७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात बेहानन यांनी हेही लपवलं नाही.

इकडे कुवलयानंदांचं स्वतःचं म्हणणंही लोकप्रिय समजुतीच्या उलट होतं. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं आजही सर्रास सांगितलं जातं. त्यांनी मात्र मोजमापं करून सांगितलं की प्राणायामाचं खरं महत्त्व जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही, ते मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधायला हवं. आपल्याच बाजूचा सोपा दावा खोडायला हिंमत लागते.

कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन याही त्याच दशकात लोणावळ्याला येऊन गेल्या. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे वेंगर आणि मिशिगन युनिव्हर्सिटीचे बागची आपली यंत्रं घेऊन भारतात आले. लोणावळ्यासह अनेक ठिकाणी त्यांनी योगाभ्यासींची नाडी, श्वास आणि मेंदूच्या लहरी नोंदवल्या. दिल्लीच्या एम्सचे डॉ. आनंद यांच्यासोबत त्यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांनाही तपासलं. हृदय थांबत नव्हतं. छातीतला दाब वाढवल्यामुळे हृदयाकडे येणारं रक्त कमी होऊन नाडी लागत नव्हती, एवढंच.

पण कुवलयानंदांना फक्त पेपर छापायचे नव्हते. हे ज्ञान आजारी माणसापर्यंत पोहोचावं, हा त्यांचा आग्रह होता. १९२७ च्या आजारपणात खुद्द गांधीजींनी पत्रं लिहून त्यांचा सल्ला घेतला होता. १९३० च्या दशकात मुंबईत योगोपचार केंद्र उभं राहिलं. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर काम करून त्यांनी सोपे सांघिक योगवर्ग शाळांपर्यंत नेले. ज्याला महागडं औषध परवडत नाही, त्यालाही चटईपुरती जागा मिळू शकते, हा त्यामागचा साधा हिशोब. पुढे १९५० च्या सुमारास लोणावळ्यात योग महाविद्यालय आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यौगिक रुग्णालय सुरू झालं.

या कामाला मर्यादा होत्या. सुरुवातीच्या प्रयोगांत माणसं मोजकीच असत. आज औषधाच्या चाचणीत जसे तुलनेसाठी दोन गट करतात, तसे तेव्हा नव्हते. त्यामुळे त्या काळचा प्रत्येक निष्कर्ष आज जसाच्या तसा धरता येत नाही. पण आकडे छापलेले असल्यामुळेच पुढच्यांना ते तपासता आले, काही मान्य करता आले आणि काही सोडून देता आले.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचं निधन झालं. कैवल्यधाम आजही सुरू आहे, तिथली संशोधन शाखा काम करते आणि 'योग मीमांसा'ही निघतं. लोणावळ्यात ज्या रस्त्यावर ही संस्था आहे, त्याचं नावच स्वामी कुवलयानंद मार्ग आहे. पुढच्या वेळी भुशी डॅमला जाताना ती पाटी दिसली, तर ती नेमकी कुणाच्या नावाची आहे, हे सोबतच्यांना नक्की सांगा.