बेदरचा वजीर महमूद गवान

बेदर हे नाव मराठी घरांत प्रथम कानी पडते ते मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत. दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली करणारा तो कारभारी लहानपणी सर्वांनाच आवडतो. आम्ही मूळचे कोकणपट्टीतले, घरची बोली कोंकणी. आम्हांसही बेदरची ओळख झाली ती त्या कथेतूनच. पुढे नौबादेस येणे झाले आणि शहरातील त्या भग्न मदरशाचा उंच मनोरा पाहिला, तेव्हा बेदरच्या आणखी एका कारभाऱ्याचे चरित्र जाणून घेण्याची इच्छा झाली. तो कारभारी म्हणजे बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान.

इराणातील गिलान प्रांतात १४११ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. घराणे मोठे होते. परंतु दरबारी वैरामुळे त्याला देश सोडावा लागला. व्यापार करीत करीत तो १४५३ च्या सुमारास कोकणातील दाभोळ बंदरात उतरला व तेथून बेदरला आला. वय चाळिशी उलटलेले, मुलूख परका. तरीही सुलतान अलाउद्दीन अहमद याने त्याची योग्यता ओळखून त्याला दरबारी ठेवून घेतले. १४६१ मध्ये सुलतान हुमायून वारला आणि आठ वर्षांचा मुलगा गादीवर आला. त्या कठीण समयी राज्याची धुरा राजमाता व दोन मंत्री यांच्याकडे आली. त्यांतील एक महमूद गवान होता. १४६६ पासून तो मुख्य वजीर झाला.

त्याने मोहिमाही केल्या. कोकणातील खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, त्याने घेतला आणि १४७२ मध्ये गोवा जिंकला. आमच्या मुलखास त्या मोहिमांची झळ लागली, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्याचे नाव राहिले ते कारभारामुळे. त्या काळी राज्याचे चारच मोठे सुभे असून त्यांचे सुभेदार जणू छोटे राजेच होते. गवानने चारांचे आठ सुभे केले. प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर दरबारातून किल्लेदार नेमले. सरदाराने जितके स्वार ठेवावयाचे तितके ठेवले नाहीत, तर तितक्यांचा पैसा कापला जाऊ लागला. जमिनीची मोजणी करून गावांच्या हद्दी ठरविल्या आणि सारा त्या मोजणीवर बसविण्याची व्यवस्था केली. याच सुमारास बेदरला आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने येथील सरदारांचा थाट आणि खेड्यातील लोकांचे दारिद्र्य या दोहोंची नोंद करून ठेवली आहे. ती वाचली म्हणजे जमिनीच्या मोजणीचे महत्त्व ध्यानात येते. मोजमाप नसेल तेथे बलवानाचा शब्द हाच कायदा होतो.

पण नियम राबवावयास माणसे लागतात. १४७२ मध्ये त्याने बेदरला तीन मजली मदरसा बांधून पुरा केला. तेथे विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय होती, अध्यापकांसाठी स्वतंत्र जागा होती आणि ग्रंथालयात सुमारे ३,००० हस्तलिखिते होती. दूरदूरच्या विद्वानांना त्याने निमंत्रणे धाडली. हेरातचा कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. हे विद्यालय आजच्यासारखे केवळ अधिकारी घडविणारे नव्हते. शिक्षण फारसी-अरबीतून असे आणि नांगरामागच्या मुलाला तेथवर पोहोचणे अवघडच होते. तरी लिहिणारे, न्याय जाणणारे, हिशेबाला पक्के असे लोक राज्याला अशाच ठिकाणांहून मिळत. पत्रलेखन कसे करावे, यावर गवानने स्वतः ग्रंथ लिहिला होता. पुढे विजापूरची गादी स्थापणारा यूसुफ आदिलशहा हा त्याच्याच हाताखाली तयार झाला.

ज्यांची सत्ता नव्या व्यवस्थेने आखडली, ते सरदार स्वस्थ बसले नाहीत. दरबारात दखनी आणि परदेशी असे दोन तट होतेच. गवानची मोहोर सांभाळणाऱ्या सेवकाला वश करून त्यांनी एका कोऱ्या कागदावर ती उमटवून घेतली व त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे खोटे पत्र लिहिले. सुलतानाने ते पाहिले; चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरीच्या या वजिराचा शिरच्छेद झाला. मागाहून त्याचा खजिना तपासला, तेव्हा स्वतःसाठी साठविलेले धन जवळजवळ नव्हतेच. तो मातीच्या भांड्यांत जेवीत असे व चटईवर निजत असे, असे इतिहासकार सांगतात. पश्चात्तापदग्ध सुलतान वर्षभरातच वारला आणि काही दशकांत त्या एका राज्याची पाच राज्ये झाली.

पत्रविद्येचा आचार्य एका खोट्या पत्राने मारला गेला, या गोष्टीचा आम्ही पुष्कळ विचार केला. गवानने सुभे बांधले, किल्ले बांधले, विद्यालय बांधले; परंतु मोहोर ज्याच्या हाती होती त्या एका सेवकाचा प्रामाणिकपणा ढळला आणि ज्याच्या हाती न्याय होता त्या राजाला थांबून विचारण्याची सवय नव्हती. राज्यकारभाराचे शिक्षण म्हणजे कायदे आणि आकडे पाठ करणे एवढेच नव्हे. कागद हाती आला की तो खरा आहे काय हे पाहणे, आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे आणि आपल्या विश्वासावर सोपविलेली वस्तू न विकणे, हेही त्या शिक्षणाचे धडे आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या ग्रामपंचायतीत बसेल, कोणी तलाठी होईल, कोणी मोठा अधिकारी होईल. त्यांनी सुटीच्या दिवशी तो मदरसा अवश्य पाहावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात त्याचा बराच भाग ढासळला. दोन मनोऱ्यांपैकी एकच उरला आहे, त्यावरील निळ्या-हिरव्या फरशा अजून काही ठिकाणी शाबूत आहेत. ज्यांच्या हाती उद्या एखादी लहानशी मोहोर येईल, त्यांनी त्या मनोऱ्याखाली घटकाभर उभे राहावे.