उरलेल्याचा हिशोब



सदाशिव पेठेत संध्याकाळी फेरफटका मारला, तर जागोजागी अभ्यासिकांच्या पाट्या दिसतील. स्पर्धा परीक्षांसाठी गावाकडून आलेली आपलीही मुले तेथे पुस्तकांत डोके घालून बसलेली असतात. निकालाच्या यादीत नाव नसले, की अशा मुलाला सारे आयुष्यच रिते वाटू लागते. घरी फोन करण्याचेही धैर्य होत नाही. त्या मुलासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी आज हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) यांचे चरित्र सांगतो.

हजरत जुबैर (रजि.) व हजरत अस्मा (रजि.) यांचे ते पुत्र, हजरत आयेशा (रजि.) त्यांच्या मावशी. मावशींच्या सहवासात त्यांनी हदीसचे अपार ज्ञान मिळविले आणि मदीनेच्या सात थोर फुकहांमध्ये त्यांची गणना झाली. पवित्र कुरआनचा चौथा भाग ते रोज पाहून वाचत आणि तेच रात्री नमाजमध्ये पढत.

त्यांची शुक्रगुजारी केवळ जिभेवर नव्हती. खजूर पिकले, की ते आपल्या बागेच्या भिंतीला खिंडार पाडीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आत यावे, खावे आणि सोबतही न्यावे. बागेत शिरताना सूरह कहफमधील ते शब्द त्यांच्या ओठी असत, जे तेथील गर्विष्ठ बागमालक उच्चारायला विसरला होता.

पुढे खलीफा वलीद यांच्या भेटीसाठी ते दमास्कसला निघाले. या प्रवासात त्यांच्या पायाला असाध्य व्याधी जडली. पाय कापल्यावाचून प्राण वाचणार नाही, असे वैद्यांनी सांगितले. वेदना जाणवू नये म्हणून मादक पेय देऊ केले गेले. त्यांनी ते नाकारले. करवत चालली तेव्हा ते अल्लाहचे स्मरण करीत होते. त्याच प्रवासात त्यांचा पुत्र मुहम्मद तबेल्यातील जनावरांच्या लाथांनी मृत्यू पावला.

एकाच प्रवासात पाय गेला आणि मुलगाही गेला. त्यावर त्यांनी मांडलेला हिशोब लक्षात ठेवा. सात पुत्रांपैकी अल्लाहने एक घेतला, सहा ठेवले. हातपाय मिळून चार अवयवांपैकी एक घेतला, तीन ठेवले. ज्याने घेतले, त्यानेच दिलेही होते. असे म्हणून त्यांनी अल्लाहची स्तुती केली. हिजरी ९४ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

यावरून त्यांना दुःख होतच नव्हते, असे समजू नका. हिजरी ६३ मध्ये, हर्राच्या रणधुमाळीत, त्यांनी आपले ग्रंथ स्वतःच्या हातांनी जाळले होते आणि त्याची खंत त्यांनी पुढे बोलूनही दाखविली. शुक्र म्हणजे अश्रूंना बंदी नव्हे. गेलेले मोजताना उरलेले मोजायला न विसरणे, हाच शुक्र.

आपण मात्र बहुधा उलटे करतो. सहा गोष्टी हाताशी असतात, आणि रात्रभर जागतो सातवीसाठी. म्हणून आज इशानंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून, दिवसभरात मिळालेल्या तीन नेमती प्रत्येकाने मोठ्याने सांगाव्यात. मग त्यांतील एकीत शेजाऱ्याला वाटेकरी करून घ्यावे. भिंतीला तेवढे खिंडार पाडावेच. आणि तुमचा मुलगा यादीत नाव नसल्याचे सांगायला फोन करील, तेव्हा आधी तो जेवला का, हे विचारा. तो तुम्हाला उरलेला आहे, हे त्याला त्या वेळी कळू द्या.

अल्लाह आपणा सर्वांना शुक्र करण्याची तौफीक देवो. आमीन.