वाटाण्याचा दाणा आणि फादर ग्रेगोर मेंडेल

आर्वीच्या बाजारात वाटाणा घेताना वाळलेला दाणा गोल आहे की सुरकुतलेला, याचा आपण फारसा विचार करीत नाही. एका धर्मगुरूंनी मात्र अशा प्रश्नापायी आयुष्याची आठ वर्षे वेचली. ते फादर ग्रेगोर मेंडेल.

१८२२ साली ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण अडले तेव्हा धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्याचा वाटा भावाला दिला. १८४३ मध्ये ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आजाऱ्यांच्या वेदना पाहून त्यांचे मन खचत असे, म्हणून वरिष्ठांनी त्यांना अध्यापनाचे काम दिले. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र ते अनुत्तीर्णच राहिले.

१८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत त्यांनी सुमारे २८,००० रोपे वाढविली. गोल व सुरकुतलेल्या वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. लपलेला गुण नष्ट होत नाही. तो दोन्ही जनकांकडून आला की प्रकट होतो, हे त्यांनी ओळखले. १८६६ मध्ये निबंध छापला गेला, पण त्याचे मोल कोणाला उमगले नाही. १८६८ पासून मठाधिपती असलेले मेंडेल ६ जानेवारी १८८४ रोजी निवर्तले. जगाने त्यांना ओळखले ते १९०० मध्ये.

पुढे १९९० मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथील शास्त्रज्ञांनी त्या सुरकुतीमागील जनुक वेगळे काढले. ते स्टार्चच्या साखळीला फाटे फोडणारे प्रथिन घडविते. सुरकुतलेल्या वाणात या जनुकात डीएनएचा परका तुकडा शिरलेला असतो. त्यामुळे दाण्यात स्टार्च कमी व साखर अधिक होते, पाणी जास्त शोषले जाते आणि वाळताना दाणा आक्रसतो.

हा नियम आम्हा विदर्भवासीयांच्या रक्तातही आहे. हिमोग्लोबिन हे प्रथिनच; त्याच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने सिकलसेल आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर ते स्वतः निरोगी दिसले तरी प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हा शाप नव्हे, सुनेचा दोषही नव्हे. विवाह ठरविण्यापूर्वी दोघांनी साधी रक्ततपासणी करून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. फादर मेंडेल यांच्या श्रमांचे चीज होईल ते अशाने.