हेल्मेट आरशाला अडकवून फिरणाऱ्यांसाठी: लॉरेन्स आणि त्याची ब्रफ सुपीरियर

गेल्या महिन्यात नळदुर्ग किल्ल्याजवळ चहा घेत होतो. तेवढ्यात हैदराबादच्या बाजूने एक दणदणीत बाईक येऊन थांबली. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे वर-खाली होणारी काच, हँडलवर मोबाईल. पोरं लगेच भोवती जमली आणि पहिला प्रश्न नेहमीचाच, टॉप किती जाते.

अशा गाडीला स्पोर्ट-टूरर म्हणतात. स्पोर्ट बाईकचं इंजिन आणि वळणावरची पकड, पण बसणं थोडं सरळ, टाकी मोठी, वारा अडवणारं फेअरिंग आणि सामानाला जागा. दिवसभरात ६००-७०० किलोमीटर मारले तरी संध्याकाळी कंबर जागेवर राहते. हा शब्द अलीकडचा असला, तरी लांबवर वेगात जायचं वेड जुनंच आहे. त्यातलं मला सगळ्यात भारी वाटणारं नाव म्हणजे टी. ई. लॉरेन्स. १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा त्याच्यावरच आहे, आणि तो सुरू होतो बाईकच्या अपघाताने.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधला. ऑक्सफर्डला इतिहास शिकला, पुढे जुन्या शहरांच्या उत्खननावर गेला. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांसोबत वाळवंटात लढला आणि जगभर गाजला. पण ती प्रसिद्धी त्याला नकोशी झाली. कर्नल राहिलेला हा माणूस १९२२ मध्ये नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला! पेपरवाल्यांनी शोधून काढलं, नोकरी गेली. मग वेगळ्या नावाने रणगाडा दलात, आणि १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात.

१९२७ मध्ये त्याची बदली कराचीला झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. तिथे तो इंजिन दुरुस्ती विभागात कारकुनी करायचा. पुढे सरहद्दीवर मिरानशाहला गेला. शेजारच्या अफगाणिस्तानात बंड पेटलं आणि लॉरेन्स तिकडे हेरगिरी करतोय अशा बातम्या आल्या. सरकारने जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून बोटीने परत पाठवून दिलं.

आता गाडीकडे येऊ. नॉटिंगहॅममध्ये जॉर्ज ब्रफ नावाचा माणूस मोटरसायकली बनवायचा. आधी गाडी पूर्ण जोडून बघायची, मग खोलून रंग द्यायचा, मग परत जोडायची. त्याच्या एसएस १०० मॉडेलला सुमारे १००० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन होतं आणि ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगाची लेखी हमी मिळायची. त्या काळात! लॉरेन्सने एकामागून एक ७ ब्रफ वापरल्या. एकदा तर तो रस्त्यावरून वरच्या लढाऊ विमानाशी शर्यत लावून बसला होता.

वेग होता, पण थांबायला साधे ड्रम ब्रेक. जोरात दाबले की चाक जाम, आणि जाम झालेलं पुढचं चाक हँडलचं ऐकत नाही. आजच्या एबीएसमध्ये सेन्सर चाकाची गती मोजतो आणि चाक जाम होतंय असं दिसलं की सेकंदात अनेकदा ब्रेकचा दाब सोडतो, परत धरतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना तो सक्तीचा आहे.

१३ मे १९३५. हवाई दलातून निवृत्त होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. लॉरेन्स घराजवळच्या लष्करी छावणीत तार करायला गेला. परत येताना रस्त्याच्या उताराआड दोन सायकलवाली मुलं होती. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. शुद्धीवर आलाच नाही, १९ मे रोजी गेला. वय ४६.

इथे मला माझी आठवण येते. तुळजापूरहून येताना बांधावरून एक सायकल अचानक रस्त्यावर आली. मी पडलो. हेल्मेट आरशाला लटकत होतं, कारण इथल्या इथेच तर जायचं होतं. कानाच्या वर ७ टाके पडले. नशीब, दुसरं काय!

लॉरेन्सला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. हा मृत्यू त्यांच्या मनात राहिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या आणि १९४१ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्या पाहण्यात हेल्मेट घालून जखमी झालेले फक्त ७ जण आले होते आणि त्यातला एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्यांसाठी ब्रिटनमध्ये हा कायदा यायला १९७३ उजाडलं.

लॉरेन्सने आठव्या ब्रफची ऑर्डर देऊन ठेवली होती. अपघातातली सातवी फारशी मोडलीच नव्हती. दुरुस्त होऊन ती आजही शाबूत आहे.