डॉल्फिनचा श्वास

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर जाऊन डॉल्फिनसोबत पोहायचे, ही आता अनेकांची हौस झाली आहे. निघण्यापूर्वी बोट लागू नये म्हणून कोणती गोळी घ्यावी, जुलाबाचे औषध सोबत न्यावे का, असे लोक आम्हा डॉक्टरांना विचारतात. ही हौस जगात रुजवण्यात एका डॉक्टरचाच मोठा वाटा होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यांचे नाव जॉन लिली.

लिलींचा जन्म ६ जानेवारी १९१५ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. कॅल्टेक या नामवंत संस्थेत विज्ञान शिकून ते वैद्यकाकडे वळले आणि १९४२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टर झाले. महायुद्धाच्या काळात अतिउंचीवरील उड्डाणाचा वैमानिकांच्या शरीरावर काय परिणाम होतो, याचा त्यांनी अभ्यास केला. पुढे मेंदू हाच त्यांचा विषय झाला. उजेड आणि आवाज पोहोचणार नाही अशी पाण्याची टाकी त्यांनी १९५४ मध्ये तयार केली आणि स्वतः तीत तासन् तास तरंगून पाहिले. मोठा मेंदू असलेला आणि जन्मभर पाण्यात तरंगणारा डॉल्फिन त्यांना खुणावू लागला.

१९५५ मध्ये फ्लोरिडात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डॉल्फिनच्या मेंदूचा अभ्यास करण्यासाठी त्यांना भूल दिली. एकामागून एक पाच डॉल्फिन दगावले. कारण साधे पण भयंकर होते. आपण झोपलो किंवा बेशुद्ध झालो, तरी मेंदूतले श्वसनकेंद्र सहसा श्वास चालू ठेवते. डॉल्फिनला मात्र पाण्याबाहेर येऊन प्रत्येक श्वास जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. शुद्ध हरपली की श्वासही थांबतो. झोपतानाही तो मेंदूचा एकच अर्धा भाग झोपवतो. दुसरा अर्धा जागा राहतो. कृत्रिम श्वसनयंत्र लावून डॉल्फिनला सुरक्षित भूल देण्याची रीत पुढे इतर संशोधकांनी बसवली.

लिलींनी डॉल्फिन सोडला नाही. कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर त्यांनी प्रयोगशाळा उभारली. डॉल्फिनशी माणूस लवकरच बोलू शकेल, असा दावा करणारे त्यांचे पुस्तक १९६१ मध्ये आले आणि गाजले. परग्रहवासीयांशी बोलायचे झाले तर ही पूर्वतयारी ठरेल, या आशेने नासानेही पैसे दिले. १९६५ मध्ये तिथल्या घरात गुडघाभर पाणी भरण्यात आले. लिलींची तरुण सहायिका मार्गारेट हाउ सुमारे दहा आठवडे पीटर नावाच्या डॉल्फिनसोबत त्या पाण्यातच राहिली. तिथेच जेवण, तिथेच झोप. पीटरने इंग्रजी शब्दांच्या चढउताराची नक्कल केली. भाषा काही आली नाही. दरम्यान लिलींनी दुसऱ्या डॉल्फिनना एलएसडी टोचून पाहिले. तेही व्यर्थ गेले.

पैसा आटला, प्रयोगशाळा बंद पडली. पीटरला मायामीतल्या अरुंद, अंधाऱ्या टाकीत हलवले आणि तिथे तो मेला. ज्यांना आपण मित्र मानतो त्यांनाच कोंडून ठेवणे लिलींनाही पटेनासे झाले होते. तरीही १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी संगणकाच्या मदतीने बंदिस्त डॉल्फिनशी संवाद साधण्याचा आणखी एक प्रयत्न केला. तोही फळाला आला नाही. मधल्या काळात ते स्वतः केटामिन या भुलेच्या औषधाच्या आहारी गेले होते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते हवाईतील माउई बेटावर राहिले आणि ३० सप्टेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारले.

त्याच हवाईत २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत पोहत जाण्यास मनाई आहे. हे डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात विश्रांती घेतात. नेमके तेव्हाच पर्यटक पाण्यात उतरतात आणि त्यांची झोप मोडते. झोप मोडलेल्या माणसाचे काय होते, हे रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही विचारावे.

लिलींचे प्रेम खोटे नव्हते. पण डॉल्फिनला काय हवे, हा प्रश्न त्यांच्या मनात सर्वांत शेवटी आला. सहल ठरवताना आपण तो आधी विचारू शकतो. डॉल्फिन टाकीतला की समुद्रातला? त्याला निघून जायला मोकळी वाट आहे का? भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांसाठी केंद्रे उभारण्यास मनाई केली. परदेशातली तिकिटे मात्र आपणच काढतो. आणि त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर विसंबू नये. ती जबड्याची ठेवण आहे. भेदरलेला डॉल्फिनही तसाच दिसतो. बिथरला तर तो चावतो, धडक देतो आणि बरगड्याही मोडू शकतो.

तारकर्लीला किंवा मुरुड-हर्णैला पहाटे बोटीतून डॉल्फिन पाहायला गेलात, तर बोटवाल्याला पाठलाग करायला सांगू नका. इंजिन बंद करून थांबा. जवळपास असतील तर ते श्वास घ्यायला वर येतीलच. त्यांना यावेच लागते.